भुसा हलका असतो म्हणे!

रेल्वे कामगारांच्या कचेरीत घोड्याच्या तबेल्याचा प्रश्न कसा आला, हे आधी सांगितले पाहिजे. नाहीतर वाचक म्हणतील, या सेक्रेटरीला आता दुसरे काम उरले नाही.

आमच्या शाखेचा एक जुना सभासद, आयुष्यभर गँगमन म्हणून रुळावर राबलेला, काही वर्षांपूर्वी निवृत्त झाला. त्याचा मुलगा शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात सईस आहे. सईस म्हणजे आपल्या जुन्या भाषेतला मोतद्दार. घोड्याला खरारा करणे, दाणा-वैरण देणे, फिरवून आणणे आणि त्याची जागा साफ ठेवणे हे त्याचे काम. पावसाळा सरता सरता हा मुलगा कंबर धरून कचेरीत आला. म्हणाला, "काका, तुम्ही रेल्वेचे आहात हे ठाऊक आहे, पण दुसरीकडे जायला जागा नाही."

हकीकत अशी. घोड्याखाली अंथरायच्या लाकडी भुशाचे पोते पाठीवर घेऊन तो ओल्या फरशीवरून चालला होता. पाय घसरला, पोते मानेवरून पुढे आले आणि तो तीन आठवडे अंथरुणाला खिळला. त्या तीन आठवड्यांचा पगार कापला गेला. ट्रेनरकडे दाद मागितली तेव्हा उत्तर मिळाले, की भुसा तो काय, कापसासारखा हलका. त्याने कधी कोणाची कंबर गेली आहे काय?

मुलगा बापासारखाच हट्टी. त्याने तसलीच दोन पोती साथीदारांच्या मदतीने भंगारवाल्याच्या काट्यावर नेऊन ठेवली. गोदामात आतल्या बाजूला रचलेले कोरडे पोते भरले ३१ किलो. दारापाशी पावसात भिजलेले, त्याच मापाचे पोते भरले ५८ किलो. चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहून भंगारवाल्याची सही घेऊन तो आला होता. आम्ही इतकी वर्षे तक्रारी लिहीत आलो, पण इतकी नेटकी तक्रार फार थोड्यांनी आणली असेल.

आता हा भुसा म्हणजे काय आणि तो तबेल्यात कशाला लागतो, ते पाहू. पूर्वी घोड्याखाली पेंढा घालीत, अजूनही पुष्कळ ठिकाणी घालतात. पण काही घोडे पेंढा खातात, तो लवकर कुजतो आणि ओल कमी शोषतो. म्हणून करवतीखाली पडलेला लाकडाचा भुसा किंवा रंध्याचा ढलपा वापरण्याची पद्धत आली. लाकडाच्या वखारीला हा माल टाकाऊ, तबेल्याला उपयोगी. आपल्या डिझेल शेडमध्येही फरशीवर सांडलेले तेल टिपायला हाच भुसा टाकीत आले आहेत, त्यामुळे रेल्वेवाल्याला तो अगदी अनोळखी नाही.

घोड्याची एक खोली साधारण १२ फूट लांब आणि १२ फूट रुंद असते. तिच्यात ४ ते ६ इंच जाडीचा थर द्यायचा म्हटले तर ४८ ते ७२ घनफूट भुसा लागतो. कोरडा, मोकळा भुसा एका घनमीटरला २०० किलोच्या आसपास भरतो. म्हणजे एका खोलीचे अंथरूण नव्याने घालायचे तर पावणेतीनशे ते चारशे किलो माल गोदामातून आणून पसरावा लागतो. वरील मापाची नऊ ते तेरा पोती. हे झाले पहिल्या दिवसाचे.

रोजचे काम याहून जास्त आहे. साडेचारशे-पाचशे किलोचा घोडा दिवसाला लीद आणि मूत मिळून २२ ते २५ किलो टाकतो. त्यात भिजलेला भुसा धरला तर एका घोड्यामागे रोज ३० किलोच्या आसपास घाण उचलून बाहेर न्यावी लागते. दोन घोडे सांभाळणारा सईस रोज ६० किलो, म्हणजे वर्षाला जवळजवळ २२ टन माल दाताळ्याने उचलतो, ढकलगाडीत भरतो आणि उकिरड्यावर रिता करतो. जुन्या चार चाकी वाघिणीत साधारण एवढाच माल बसे. वर्षाला एक वाघीण एका माणसाने हाताने भरायची, आणि तिच्या बदली लागणारा नवा भुसा आत आणायचा तो वेगळा. एवढे करून नोकरीच्या कागदावर काम काय लिहिले आहे, तर "घोड्याची देखभाल". भुशाचा त्यात उल्लेखही नाही. जे काम कागदावर नाही, त्याचा अपघातही कागदावर येत नाही, आणि या मुलाची अडचण नेमकी तीच झाली आहे.

भुसा हलका असतो हे खरे आहे, पण कोरडा असेल तोवरच. ताज्या कापलेल्या लाकडात कोरड्या लाकडाच्या वजनाच्या निम्म्याने, कधी कधी त्याच्याइतकेच पाणी असते. वखारीतून ओल्या लाकडाचा भुसा आला, किंवा कोरडा आला आणि गोदामात भिजला, की पोत्याचा आकार तोच राहतो आणि वजन दुप्पट होते. उचलणारा नेहमीच्या अंदाजाने कंबर वाकवतो आणि तिथेच घात होतो. हमालीचे काम केलेल्या कोणालाही विचारा. ठाऊक असलेल्या मोठ्या वजनापेक्षा न सांगता वाढलेले वजन माणसाला जास्त दगा देते.

वजनाच्या बाबतीत जगात काही विचार झालेला नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका माणसाने उचलावयाच्या कमाल वजनाविषयी १२८ क्रमांकाची शिफारस केली. तिच्यात प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सांगितली आहे. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या ३४ व्या कलमात, इजा होईल इतके जड ओझे कोणाही कामगाराला उचलायला लावू नये, असे स्पष्ट म्हटले होते. धान्याचे पोते एकेकाळी ९५-१०० किलोचे असे, ते ५० किलोवर आले. त्यासाठी हमालांच्या संघटना वर्षानुवर्षे भांडल्या. तबेल्यातले भुशाचे पोते मात्र कोणी काट्यावर चढवलेच नव्हते. त्याला ना छापील वजन, ना बिल्टीवर नोंद. ट्रक मोजला जातो तो पोत्यांच्या संख्येवर, आणि वखारवाला साहजिकच पोते ठासून भरतो.

मुलाकडून तबेल्याचा नकाशा काढून घेतला, तेव्हा दुसरी गोष्ट ध्यानात आली. भुशाचे गोदाम आवाराच्या एका टोकाला आणि घोड्यांच्या खोल्या दुसऱ्या टोकाला. मध्ये घोडे धुण्याची जागा. म्हणजे भरलेले पोते घेऊन जाणाऱ्याला दिवसभर ओल्या असणाऱ्या फरशीवरूनच जावे लागते. गोदामाच्या दाराला सहा इंचांचा उंबरठा आहे, त्यामुळे ढकलगाडी आत जात नाही. पोते पाठीवर बाहेर आणायचे आणि मग गाडीत टाकायचे. गाडीही एकच, आणि तिचे चाक घासते. बहुतेक जण म्हणून पाठीवरच नेतात. ट्रेनरने हे मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. जागा होती तिथे गोदाम बांधले, एवढेच. पण ज्याला रोज त्या वाटेने जायचे त्याला कोणी विचारले नाही, हेही तितकेच खरे.

उपाय काही डोंगराएवढे नाहीत. जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांचा फलाट घालून त्यावर पोती ठेवावीत, म्हणजे खालची ओल वर चढत नाही. छपराची वळचण दारापुढे दोन-तीन फूट वाढवावी. उंबरठा फोडून उतार करावा. आधी आलेला माल आधी काढता यावा म्हणून गोदामाचे दोन कप्पे करावेत, कारण एकाच कप्प्यात नवी पोती पुढे रचली की मागची महिनोन्‌महिने पडून कुजतात आणि त्यांना बुरशी धरते. पोते ३० किलोपेक्षा जड भरू नये असे वखारवाल्याला लिहून द्यावे, आणि गोदामाच्या दाराशी एक साधा काटा टांगावा. ज्या घोड्यांची किंमत लाखांत होते, त्यांच्या तबेल्याला हा खर्च जड नाही.

ओझ्याचा विषय कोणाच्याही डोळ्यांना दिसतो. धुळीचा दिसत नाही, म्हणून त्यावर थोडे जास्त लिहितो.

भुसा पसरताना जी बारीक धूळ उडते ती नाकातोंडात जाते. इंग्लंडमधील हाय विकम हे गाव खुर्च्या बनवण्यासाठी प्रसिद्ध. तिथल्या लाकूडकामगारांत नाकाच्या आतला एक विशिष्ट कर्करोग इतरांपेक्षा फार जास्त आढळतो, हे १९६० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आले. पुढे इतर देशांतही तेच दिसले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. सईसाला लगेच कर्करोग होईल, अशी भीती आम्हाला घालायची नाही. सुतारकारखान्यात आठ तास उभे राहणाऱ्याची धूळ वेगळी आणि सईसाची वेगळी. पण तबेल्याची हवा कोणी मोजलेलीच नसेल तर "काही होत नाही" असे म्हणण्याचा अधिकार मालकालाही पोचत नाही. दमा, सर्दी न हटणे, डोळे चुरचुरणे ही दुखणी तर कर्करोगाची वाट पाहात नाहीत. सागवान आणि शिसवाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठते. भुसा कोणत्या लाकडाचा आहे हे सईसाला कधी सांगितले जात नाही. रसायन लावलेल्या लाकडाचा, प्लायवुडचा भुसा मिसळून आला तरी त्याला कळायला मार्ग नाही.

धुळीत भर पडते ती मुताच्या उग्र वासाची. घोड्याच्या मुतातील युरियाचे जंतूंमुळे विघटन होऊन अमोनिया वायू तयार होतो. सकाळी दार उघडल्यावर खाली वाकून ओला भुसा ओढणाऱ्याच्या नाकात तो थेट जातो.

इथे एक गोष्ट आम्हाला खटकली, ती लिहिल्यावाचून राहवत नाही. घोड्याच्या छातीला धूळ बाधते हे प्रत्येक ट्रेनरला पाठ असते. धुळीने घोड्याला धाप लागते, घोडा शर्यतीत मागे पडतो. म्हणून घोडा बाहेर फिरायला नेला असतानाच भुसा बदलतात, सुके गवत भिजवून देतात, शंका आली तर डॉक्टर नाकातून नळी घालून घोड्याची श्वासनलिका तपासतो. हे सगळे योग्यच आहे, मुक्या जनावराची काळजी घेतलीच पाहिजे आणि सईसाइतकी ती दुसरे कोणी घेत नाही. पण घोडा बाहेर आहे म्हणून धूळ उडवायला हरकत नाही, असे ज्या खोलीत ठरते, त्या खोलीत दाताळे घेऊन माणूस उभा असतो. आमच्या या मुलाच्या छातीचा एक्स-रे नोकरीच्या अकरा वर्षांत एकदाही निघालेला नाही.

नाकाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा धुळीचा मास्क हवा, आणि तो एकदा देऊन वर्षभर वापरायला सांगण्यात अर्थ नाही. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे भुसा पसरण्याआधी त्यावर हलके पाणी शिंपडणे, पोते उंचावरून न झटकता जमिनीलगत मोकळे करणे, समोरासमोरची दारे-खिडक्या उघडून वाऱ्याकडे पाठ करून काम करणे. पाणी मात्र शिंपडायचेच, ओतायचे नाही. नाहीतर पुन्हा वजनाचा प्रश्न आलाच.

आणखी एक गोष्ट लिहायची राहात होती. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताच्या जंतूंची बीजे असतात. भुशात वखारीतला खिळा, तारेचा तुकडा, लाकडाची फास हमखास असते. अनवाणी किंवा स्लिपर घालून काम करणाऱ्याच्या पायात तो खिळा गेला तर काय होईल हे सांगायला नको. घोड्याला धनुर्वाताची लस टोचतात. सईसांना टोचली आहे का, हे प्रत्येक तबेल्यात विचारले पाहिजे. आम्ही विचारले, तेव्हा तेरा जणांपैकी चौघांना आठवत होते.

आगीबद्दल रेल्वेवाल्याला जास्त सांगण्याची गरज नाही. तेलकट भुसा आणि कॉटन वेस्ट झाकणाच्या लोखंडी डब्यातच टाकायचे, उघडे ढीग करायचे नाहीत, हे शेडमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी शिकवले होते. ओल्या भुशाचा मोठा ढीग बरेच दिवस तसाच पडला तर आतल्या आत तापतो. आधी जंतूंमुळे आणि पुढे हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन उष्णता इतकी वाढू शकते की बाहेरून ठिणगी न लागताही ढीग धुमसू लागतो. म्हणून ढीग लहान ठेवावा, मधूनमधून हात घालून पाहावा, गोदाम घोड्यांच्या खोल्यांपासून आणि माणसांच्या राहण्याच्या जागेपासून दूर असावे. आता गोदाम दूर ठेवले तर ओझे लांबवर वाहावे लागते, हा पेच आहेच. तो चांगल्या ढकलगाडीने आणि कोरड्या, सपाट वाटेने सुटतो, माणसाच्या पाठीने सोडवायचा नसतो. या तबेल्यात तर भुशाच्या गोदामाच्या माळ्यावर चार सईस झोपतात, कारण शहरात दुसरी खोली परवडत नाही. तिथे विजेची उघडी तार आहे आणि खाली विडी ओढली जाते. विडीबद्दल आम्ही आपल्या माणसांनाही चार शब्द सुनावले आहेत.

राहिला कायद्याचा भाग. रेस क्लब हे राज्य विमा कायद्याखाली येतात की नाही, हा वाद हैदराबाद रेस क्लबच्या खटल्यात २००४ साली आणि बंगळूर टर्फ क्लबच्या खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला होता. दोन्ही वेळा निकाल कामगारांच्या बाजूने लागला. क्लब त्या कायद्याच्या अर्थाने "दुकान" ठरले आणि विमा लागू झाला. २०१६ साली रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या खटल्यात शर्यतीच्या दिवसांपुरत्या घेतलेल्या हंगामी माणसांनाही विम्याचे संरक्षण आहे असे न्यायालयाने सांगितले. हे निकाल मोलाचे आहेत. पण सईस हा बहुधा क्लबचा नोकर नसतो, ट्रेनरचा असतो. क्लब म्हणतो, तो आमचा नव्हे. ट्रेनर म्हणतो, माझ्याकडे माणसे थोडी. घोड्याचा मालक तर पगाराच्या व्यवहारात कुठे दिसतच नाही. भुसा उतरवायला ट्रकबरोबर येणारे हमाल आणखी चौथ्याचे. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ साली झाला, अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी केलेली चळवळ सर्वांना ठाऊक आहे, तरीही नोंदणी नसलेला हमाल त्या ट्रकवरून पोती टाकताना दिसतोच.

फॅक्टरी कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीच्या संहितेत गेला आहे. ही संहिता संसदेने २०२० साली मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. या संहितांना बहुतेक केंद्रीय कामगार संघटनांचा विरोध आहे आणि त्याची कारणे या पत्रात वेळोवेळी येतात, ती इथे उगाळत नाही. पण विरोध करतानाही हाती आहे ते सोडू नये. दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना ही संहिता लागू आहे, आणि चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी सरकारने जाहीर केली आहे. एकेका ट्रेनरकडे दहा सईस आहेत की नाहीत, हे हजेरीपटावरून ठरेल. म्हणून पहिली मागणी हजेरीपटाची. पगार रोख हातावर न देता चिठ्ठीसह द्या, ही दुसरी. मुंबई, पुणे, बंगळूर, म्हैसूर, हैदराबाद, कोलकाता, जिथे जिथे शर्यतीचे घोडे आहेत, तिथल्या आपल्या शाखांनी निदान एवढी चौकशी करावी की त्यांच्या गावातल्या सईसाचे नाव कोणाच्या पटावर आहे.

आणि आमचीही चूक कबूल केली पाहिजे. हा मुलगा पहिल्यांदा आला तेव्हा आमच्याच एका पदाधिकाऱ्याने त्याला, "आपल्या खात्याचा नाहीस, लेबर ऑफिसात जा," असे सांगून वाटेला लावले होते. ज्याच्या बापाकडून तीस वर्षे वर्गणी घेतली, त्याच्या पोराला पाणीसुद्धा विचारले नाही. आम्ही त्या वेळी भुसावळला सभेला गेलो होतो ही काही सबब नव्हे. तो दुसऱ्यांदा आला, हा त्याचा चिवटपणा.

ट्रेनरला आम्ही शाखेच्या कागदावर नव्हे, तर तेरा सईसांच्या सह्यांचे पत्र पाठवायला लावले. सोबत काट्याची चिठ्ठी जोडली. रेल्वे युनियनने तबेल्यात नाक खुपसले असे निमित्त मिळू नये, म्हणून. पंधरा दिवसांनी उंबरठा फोडला गेला आणि फळ्यांचा फलाट आला. माळ्यावरची चार माणसे अजून तिथेच झोपतात. तीन आठवड्यांच्या पगाराबद्दल ट्रेनर बोलायला तयार नाही. एकाला दिला तर सगळे मागतील, असे त्याचे म्हणणे. येत्या रविवारी दुपारी, सकाळची फिरवणी आटोपून संध्याकाळच्या दाण्याची वेळ होण्याआधी जी दोन तासांची सवड मिळते तेवढ्यात, ते तेराही जण कचेरीत येणार आहेत. येताना प्रत्येकाने आपल्या गोदामातल्या एका पोत्याचे वजन लिहून आणायचे आहे.